चामोर्शीच्या वाटेवरची घसरणारी गाडी

नागपूरहून छोट्या रुळांच्या गाडीत बसलो तेव्हा माझ्याजवळ हत्यारांची पेटी, तेलाचे दोन डबे आणि भरपूर आत्मविश्वास होता. मी मूळचा पुण्याचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी वर्कशॉपात काम शिकलो आणि मग नागपुरात स्वतःचं गॅरेज काढलं. आपोआप गिअर बदलणाऱ्या अमेरिकन गाड्या तेव्हा या भागात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि त्या दुरुस्त करणारा माझ्या माहितीत मी एकटाच होतो.

बोलावणं आलं होतं चामोर्शीजवळच्या एका लाकडाच्या ठेकेदाराकडून. त्यांना सगळे दाजीसाहेब म्हणत. त्यांची आठ सिलिंडरची गाडी मी ओळखत होतो. कार्तिकात ती माझ्याकडे आली होती, तेव्हा मी तिचा कार्बुरेटर उघडून साफ केला होता. सपाट रस्त्यावर ताशी नव्वद मैल सहज पळणारी ती गाडी आता चढावर नुसती ओरडते आणि पुढे सरकत नाही, असं त्यांनी कळवलं होतं.

नागभीडला गाडी बदलली. सिंदेवाहीला डब्यात एक म्हातारी चढली. तिच्या टोपलीत मोहाची फुलं होती, आणि त्या गोड, आंबूस वासाने डबा भरून गेला. तिने मूठभर फुलं माझ्या हातावर ठेवली. "खाऊन पाहा भाऊ, काई होत नाई," ती म्हणाली. मी चार खाल्ली. मनुकांसारखी लागली, पण नंतर जीभ जरा जड झाली.

मूलला उतरून बसने वैनगंगेचा काठ गाठला. फाल्गुन संपत आला होता. पाणी एका अंगाला सरकलं होतं आणि बाकी सगळी पांढरी वाळू. दोन डोंगे (एका लाकडातून कोरलेल्या होड्या) शेजारी बांधून वर फळ्या टाकलेल्या होत्या. माझी पेटी उचलताना नावाडी म्हणाला, "यात लोखंड आहे का दगड?" पलीकडे माझ्यासाठी दाजीसाहेबांची जीप उभी होती. ती चालवायला आला होता गोविंदा, त्यांचा ड्रायव्हर.

पन्नाशीचा, सडपातळ, डोक्याला घट्ट पांढरं फडकं. आधी बारा वर्षं लाकडाचे ट्रक चालवले होते. गडचिरोली मागे पडली. तसा तो समोर बघतच म्हणाला, "मिस्त्री, मालक म्हणतेत गाडी म्या खराब केली. तुम्ही पाहून खरं सांगा."

"बघू की," मी म्हणालो.

"नागपूरवरून आणली तव्हापासूनच ते तशी करून राह्यली."

हे मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. आपला बचाव तर प्रत्येक ड्रायव्हर करतो.

दाजीसाहेबांचा वाडा लाकडी होता, अंगणात सागाच्या ओंडक्यांचे ढीग. त्यांनी ताबडतोब गाडी बाहेर काढायला लावली. मी गोविंदाच्या शेजारी बसलो. गावाबाहेर नाल्याचा चढ लागला तशी खूण पटली. गिअर बदलण्याच्या वेळी इंजिनाचा आवाज एकदम चढला, गाडी मात्र बैल अडावा तशी अडली, आणि क्षणभराने हिसका देऊन निघाली. गिअरबॉक्समधल्या चकत्या एकमेकींना घट्ट धरत नव्हत्या, घसरत होत्या.

परत आल्यावर इंजिन चालू ठेवूनच तेल पाहिलं. पातळी बरोबर होती, वास किंचित जळका. या गाडीला क्लचचं पायडल नसतं. ट्रकवाल्यांच्या डाव्या पायाला मात्र काहीतरी दाबायची सवय असते. तो पाय ब्रेकवर पडत राहिला की चकत्या घासून जळतात. मी गोविंदाला काहीही न विचारता दाजीसाहेबांना म्हणालो, "दोन्ही पायांनी चालवलेली दिसते. चकत्या गेल्या असणार."

दाजीसाहेबांनी गोविंदाकडे पाहिलं. "ऐकलंस? आता नागपूरचा मिस्त्री सांगून राह्यला. पोर्णिमेपर्यंत खोली खाली कर."

गोविंदाने फडकं सोडून पुन्हा डोक्याला बांधलं आणि तो मागे निघून गेला. वाड्यामागे ओळीने नोकरांच्या खोल्या होत्या. त्यातल्या एकीच्या दारात त्याची बायको उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

जेवायला भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि सांबाराची (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) चटणी होती. मी पोटभर जेवलो. खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला काहीच खुपलं नाही.

सकाळी आंब्याखाली गाडी ओंडक्यांवर चढवली आणि मी पाठीवर आत सरकलो. गिअरबॉक्सचा तळ उघडला की काळी, जळकी भुकटी दिसणार, ती मालकांना दाखवायची आणि नव्या चकत्या मागवायच्या, असं सगळं ठरलेलं होतं. बोल्ट सोडले. तेल परातीत उतरवलं. तळाच्या थाळीत बोट फिरवलं.

भुकटी नव्हती. बोटाला लागली ती नुसती राखाडी साय, चांगल्या गिअरबॉक्समध्येही असते तेवढीच. पुन्हा बोट फिरवलं. चकत्या जळल्या नव्हत्या. म्हणजे पाय चुकला नव्हता.

तेवढ्यात आंब्यावरून तांबड्या मुंग्या सदऱ्यात शिरल्या. मी ओरडत बाहेर आलो, तर गोविंदाच समोर. त्याने सदरा ओढून काढला आणि झटकला. "इथी कोनी गाडी लावत नाई, मिस्त्री. काल सांगितलं असतं, पण तुम्ही ईचारलं नाई."

मी पाठ खाजवत उभा राहिलो. चकत्या चांगल्या असून घसरतात, म्हणजे त्यांना दाबून धरणाऱ्या तेलाचा जोर कमी पडतोय. तो जोर ठरतो एका सळीवर. सळी कार्बुरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाते. पाय जितका दाबाल, तितकी ती ओढली जाते आणि तितका तेलाचा जोर वाढतो.

"गोविंदाभाऊ, आत बसा. इंजिन बंदच राहू द्या. पायडल पूर्ण दाबा."

मी बॉनेटखाली डोकं घातलं. पायडल तळाला टेकलं, पण सळीच्या टोकाची दांडी आपल्या जागेपासून बोटभर अलीकडेच थांबली. सळीच्या नटावर पान्याच्या खुणा होत्या. कार्बुरेटर परत बसवताना मीच ती सळी जोडली होती, आणि माप न घेता नट आवळला होता.

पायडलवरून पाय न काढता गोविंदाने विचारलं, "सापडलं का?"

"सापडलं."

पुढचं काम सोपं होतं. नट सोडून सळीच्या आटी फिरवल्या. टोक जागेवर टेकेपर्यंत गोविंदा पायडल दाबत होता, सोडत होता. तळ धुऊन बसवला. डब्यातलं नवं तेल भरलं, कमी पडलं तेवढं उतरवलेलं धोतराच्या धुतलेल्या फडक्यातून दोनदा गाळून घातलं. त्या दोन तासांत मनात एकच गोष्ट घोळत होती. नट सैल झाला होता, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. गाडी सुधारली असती, गोविंदाची खोली राहिली असती आणि माझं नावही. पण मग त्याच्या डाव्या पायाबद्दल मी जे बोललो होतो, ते तसंच राहिलं असतं.

ओट्यावर दाजीसाहेब पान लावत होते. वखारीवरची चार माणसंही होती. मी गोविंदाला बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक माझी आहे. कार्तिकात सळी मी चुकीची बसवली. यांच्या चालवण्यात काही दोष नाही. काल मी न तपासताच बोललो."

दाजीसाहेबांचा हात थांबला. "मंग काल एवढ्या जोरानं काऊन सांगितलं?"

"मला वाटलं मला कळतं," मी म्हणालो.

त्यांनी पान तोंडात घातलं. मग किल्ली गोविंदाकडे सरकवली. "चढावर नेऊन दाखव."

नाल्याचा चढ गाडी एका दमात चढली. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात कधी गेली ते कळलंही नाही. पुढे मार्कंड्याच्या देवळाकडे जाणारा सरळ रस्ता लागला तसा गोविंदाने पाय दाबला. काटा सत्तरावर गेला, पंचाहत्तरावर गेला. दोन्ही बाजूंनी पळस लालभडक फुलला होता आणि मागे धुळीची भिंत उठत होती. त्याचा डावा पाय मी पाहिला. तो दाराजवळ दुमडून ठेवलेला होता, निवांत.

देवळाच्या अलीकडे गाडी थांबवून तो म्हणाला, "मालक माही माफी नाई मागणार. मले ठाऊक आहे."

"मी मागतो."

"तुम्ही तर मागितलीच ना. चार लोकांसमोर." मग हसला. "मुंग्या अजून चावून राह्यल्या का?"

नदीपर्यंत त्यानेच सोडलं, या वेळी जीपमधून नाही, त्या गाडीतून.

परतीच्या प्रवासात मी बाहेरचं रान फारसं पाहिलं नाही. त्या वर्षात मी अशा आणखी दोन गाड्यांचे कार्बुरेटर उघडले होते. सळीचं माप त्यांचंही घेतलं नव्हतं. नागपुरात पोचल्याबरोबर दोन्ही मालकांना पत्रं टाकली की गाडी पाठवा, माझी एक चूक दुरुस्त करायची आहे.

एक गाडी चार दिवसांत आली. दुसरीच्या मालकाचं अमरावतीहून कार्ड आलं. त्यांनी लिहिलं होतं, "ड्रायव्हर बदलून पाहिला, तरी गाडी घसरतेच."

त्या कार्डाला मी उत्तर लिहिलं नाही. हत्यारांची पेटी उचलली आणि अमरावतीची आगगाडी पकडली. पोचल्यावर गाडीच्या आधी त्या जुन्या ड्रायव्हरचा पत्ता विचारला.