निळी टिक आणि आंबागडची बाटली

आंबागडच्या दुकानाला पाठवलेल्या मेसेजसमोर निळी टिक आली आणि मी चहा मागवला. मेसेज वाचला गेला, म्हणजे एक काम निपटलं.

माझं लाखनीला मेडिकल स्टोअर. तेव्हा मी आमच्या औषधविक्रेत्यांच्या संघटनेचा सेक्रेटरी होतो. सर्क्युलर छापून पोस्टात टाकणं माझ्याच गळ्यात. दुकानात ते पोचलं की काउंटरजवळच्या तारेत खोचायचं, ही सगळीकडची रीत. त्या वर्षी अध्यक्ष म्हणाले, "आता कागद बंद. सगळं व्हॉट्सॲपवर." पाकिटं चिकटवून मी वैतागलोच होतो. लगेच हो म्हटलं.

त्या सकाळी रिकॉल आला. रिकॉल म्हणजे कंपनी विकायला दिलेला माल परत मागवते. लहान मुलांच्या तापाच्या औषधाची एक बॅच, म्हणजे एका वेळी बनलेला माल, खराब निघाला होता. विक्री तिथल्या तिथे थांबवायची होती. मी सगळ्यांना मेसेज टाकला.

दुपारी, परत किती माल येणार ते विचारायला आंबागडच्या दुकानात लँडलाइनवर फोन केला. वंदनावहिनींनी उचलला. फार्मासिस्ट त्याच, लायसन्स त्यांच्या नावावर, काउंटरवरही त्याच.

"वहिनी, ती बॅच बाजूला काढली ना?"

"कोनती बॅच, भाऊ?"

मी नंबर सांगितला. त्या कपाट पाहून आल्या.

"यातली एक बाटली सकाळीच गेली, भाऊ. गावातल्याच बाईनं नेली. लेकराले ताप आहे तिच्या."

"पण मेसेज तर वाचलेला दिसून राहिला."

"मले कुठचा मेसेज? तुमच्याजवळ नंबर आमच्या घरच्यांचा. ते रोवण्यावर गेले."

रोवणा म्हणजे भाताची लावणी. वहिनींनी फोन आपटला आणि दुकानाला कुलूप घालून निघाल्या. मी फोनजवळ बसून राहिलो. गिऱ्हाईक आलं, त्याला काय दिलं ते आठवत नाही. सरळ सांगतो, मी घाबरलो होतो.

शेवटी घंटी वाजली. "आनली बाटली. सील तसंच आहे. लेकरू झोपलं होतं, उठल्यावर देतो म्हने त्याची माय."

ती बाटली बाकीच्या बॅचसोबत बाजूला ठेवायला मी सांगितलं.

संध्याकाळी त्यांच्या नवऱ्याला, प्रमोदभाऊंना, फोनवर झापलं. "वाचला होता ना मेसेज? मग काहून नाही सांगितलं?"

"घरी गेल्यावर सांगतोच म्हटलं, भाऊ. आन् मले वाटलं, एवढं महत्त्वाचं असन तं कागद येईनच दुकानात."

मी सभासदांचे नंबर तपासायला बसलो. जिथं जिथं लायसन्स बाईच्या नावावर, तिथं बहुतेक नंबर नवऱ्याचा, नाहीतर सासऱ्याचा. लपवाछपवी कोणाचीच नव्हती. आमच्याकडे घरचा नंबर मागितला की पुरुष आपलाच देतो. कागद मात्र बाईच्या नावानं थेट काउंटरवर यायचा.

एकेका दुकानात फोन करून नंबर बदलले. अध्यक्ष कुरकुरले, "अरे, टिक तर सगळ्या निळ्या होत्या ना?"

होत्या. कोणीतरी वाचलं, एवढंच ती टिक सांगते. औषध कोणाच्या हातून जाते, हे तिला कोणी विचारलंच नव्हतं.