पिठाखाली आलेले शब्द

मॅट्रिकला मी दोनदा नापास झाले, दोन्ही वेळा इंग्रजीत. दुसऱ्यांदा एकोणतीस मार्क पडले, त्या दिवशी वडील जेवले नाहीत. ते धरणगावला एका जिनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस तोलायचे. त्या साली पावसाने पाठ फिरवली होती, कपाशी जागच्या जागी करपली होती आणि जिन कधी बंद पडेल याचा नेम नव्हता. अशात पिंपळनेरकडचं एक स्थळ आलं. बिजवर, पदरात दोन मुलं, वय माझ्या दुप्पट.

ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म माझ्या हातात देताना वडील म्हणाले, "हाई शेवटलं शे, बाई. पास व्हयनी तर शिक. नही तर लगीन." ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू बोलले.

पास झाले तर धुळ्याला मास्तरणीचा कोर्स करायचा, एवढीच माझी इच्छा होती. आडवे येत होते ते ओ, यू, जी, एच ही चार अक्षरं एकत्र येणारे शब्द. दिसायला सगळे सारखे, म्हणायला एकही सारखा नाही. मार्चच्या पेपरात मी 'थ्रू'च्या जागी 'दो', म्हणजे 'जरी', लिहून आले होते. पक्षी खिडकीतून उडाला असं म्हणायचं होतं, आणि माझा पक्षी खिडकी जरी उडाला. आमच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, "याला नियम नाही, पाठ कर." पाठ केलं, तर सकाळचं दुपारी उलटंपालटं व्हायचं.

आई एका मारवाडी कापडवाल्याच्या घरचे पापड लाटायची. तिथून मळलेलं उडदाचं पीठ आणायचं आणि लाटून, वाळवून पोचवायचं. एकदा पापडांचा डबा मी घेऊन गेले. हातात वही होती, इंग्रजी शब्दांपुढे मराठीत उच्चार लिहिलेली. त्या घरची सून माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. डबा घेताना तिने वहीकडे पाहिलं आणि पदराआडून म्हणाली, "कॉग नाही गं. कॉफ म्हण. खोकला."

राजस्थानात ती मिशनच्या शाळेत शिकली होती. आमच्या गावात तिच्याइतकं इंग्रजी कुणाला येत असेल असं मला वाटत नाही, आणि त्या घरात ते कुणाला माहीतही नव्हतं. मी तिला भाभी म्हणू लागले. दुपारी शेठाणी, म्हणजे तिच्या सासूबाई, आडव्या झाल्या की मी मागच्या दाराने जायची. भाभी धान्य निवडता निवडता शिकवायची. टफ म्हणजे चिवट. रफ म्हणजे खडबडीत. ट्रॉफ म्हणजे गुरांची गव्हाण. बाउ म्हणजे झाडाची मोठी फांदी. "सगळे एकदम घेऊ नकोस," ती म्हणायची. "एक शब्द, एक वाक्य. ते वाक्य तुझ्या घरातलं पाहिजे." ड्राउट म्हणजे दुष्काळ, हा एकच शब्द मला वाक्याशिवाय लक्षात राहिला.

परीक्षेला पंधरा दिवस उरले असताना शेठाणी जाग्या झाल्या. आरडाओरड केली नाही. भाभीच्या पुढ्यातलं सूप उचललं आणि मला म्हणाल्या, "तुला शिकायचं असेल तर शाळेत जा. आमच्या सुनेला कामं आहेत." भाभीने मान वर केली नाही. दार लागलं.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी वही उघडली तर अक्षरं नुसती हलत होती. थॉट, बॉट, थरो, कशालाच अर्थ उरला नव्हता. विहिरीत पाणी नव्हतं, तरी मी घागर घेऊन तिथे जाऊन बसले. खाली कोरडा खडक दिसत होता. बराच वेळ मी त्याच्याकडे पाहत राहिले. मनात काय काय आलं ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. शेवटी आई शोधत आली. तिने माझ्या दंडाला धरलं आणि घरी आणलं.

तिसऱ्या दिवशी आईने शेठाणीकडून पिठाचं पातेलं आणलं. पीठ काढताना तळाशी, ओल्या फडक्याखाली, तेलकट कागदाची घडी निघाली. आईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण तिने ती पदराला पुसून माझ्यापुढे धरली. "हाऊ कागद तुना शे. सांभाळी ठेव."

भाभीच्या अक्षरात सहा शब्द, सहा वाक्यं. 'डो' या शब्दापुढे लिहिलं होतं: तुझी आई आत्ता हातात घेऊन उभी आहे ते. मळलेलं पीठ. मी मोठ्याने रडले.

परीक्षेपर्यंत असे चार कागद आले.

जळगावच्या केंद्रावर पेपर हातात पडला. सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा प्रश्न होता. चारांपैकी तीन बरोबर लिहिले. उताऱ्याने मात्र घात केला, निम्मा कळलाच नाही. परतताना गाडीत मी मनातल्या मनात लग्नाची तयारी करून टाकली.

छत्तीस मार्क पडले.

पेढे घेऊन मी पुढच्या दाराने गेले. शेठाणींनी पुडा घेतला, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि आत हाक मारली. भाभी आली. मला वाटलं, ती मार्क विचारेल.

"प्रश्नपत्रिका ठेवलीस का गं?" तिने विचारलं. "मी कधी पाहिली नाही. माझं लग्न मॅट्रिकच्या परीक्षेआधी दोन महिने झालं."

मला हे माहीतच नव्हतं. पेपर त्या दिवसापासून पिशवीतच पडून होता, तो काढून मी तिला दिला. तिने तो उंबऱ्यातच उभ्याने वाचायला घेतला. ओठ हलत होते. मला जो उतारा कळला नव्हता, तो तिने एका दमात वाचला आणि खालच्या पाचही प्रश्नांची उत्तरं पुटपुटली. शेठाणी बाजूला उभ्या होत्या. शेवटच्या प्रश्नापर्यंत आली आणि भाभी खाली बसली. तोंडावर पदर घेतला, पण खांदे हलत होते.

"तू जा आता," शेठाणी मला म्हणाल्या. आवाज कडक नव्हता.

पेपर मी मागितला नाही. पुढच्या महिन्यात धुळ्याला गेले.