नंदनवनातली नोकऱ्या लावणारी गल्ली

नंदनवन वस्तीतल्या आमच्या जुन्या गल्लीतले चार लोक आजही कुठल्या लग्नात भेटले, की जेवण राहतं बाजूला! एकाने "आठवते का गा?" म्हणायचा अवकाश, दुसरा त्याला तोडून आपला किस्सा सुरू करतो. आणि विषय एकच: कोणाला काम कसं लागलं! सत्तरच्या दशकात पेपरातली जाहिरात वाचून आमच्या गल्लीत कोणाला नोकरी मिळाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. नोकऱ्या लागायच्या त्या शेजाऱ्यांच्या तोंडून.

*

मेश्रामकाका कोराडीच्या वीज केंद्रात फोरमन होते. संध्याकाळी स्टाफची बस त्यांना कोपऱ्यावर सोडायची, आणि आम्ही सगळे रिकामटेकडे ग्रॅज्युएट तिथे हजर! काका उतरता उतरता बातमी द्यायचे. एकदा म्हणाले, "ठेकेदाराले वेल्डर पाह्यजे."

"मी येतो!" आमच्यातला बबन म्हणाला.

"काहून गा, तुले वेल्डिंग येते?"

"नाही. पण मले भीती नाही वाटत!"

काकांनी त्याला हेल्पर म्हणून चिकटवून दिलं. वर्षभरात बबन खरंच वेल्डर झाला. हौसेने त्याने घराचं मोडकं फाटक वेल्ड केलं. इतकं पक्कं, की ते उघडेचना! बबनची आई शेजारच्या अंगणातून ये-जा करायची, पण भेटेल त्याला सांगायची, "माह्या पोराचं काम पाहा, जराबी हालत नाही!"

*

दुसरी बातमी यायची नळावरून. सुमनकाकूंनी एकदा पाणी भरता भरता सांगितलं, की कळमन्याकडच्या एका व्यापाऱ्याच्या नव्या घरी कारपेंटर हवाय. गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत पोचेस्तोवर त्याचा नुसता पेंटर झाला होता!

शेवटच्या घरातला रमेश होता पेंटर, आणि पावसाळाभर घरी बसून होता. ब्रश-डबे सायकलला टांगून तो तडक निघाला. व्यापाऱ्याने कपाळाला हात लावला. "अरे बावा, दारंच नाही बसली अजून! रंगवशील काय?"

रमेश आल्या पावली परत आला, गल्लीतल्या सुताराला कॅरियरवर बसवलं आणि पुन्हा कळमना! सुताराने दारं केली, रमेशने रंगवली, दिवाळी दोघांचीही झाली. रमेश पेढे घेऊन सुमनकाकूंकडे गेला आणि म्हणाला, "काकू, पुढची बातमीबी अशीच अर्धी येऊ द्या जी!"

*

आता माझा किस्सा.

मेश्रामकाकांच्याच सांगण्यावरून मी कोराडीला क्लार्कसाठी अर्ज केला. निवडही झाली. फक्त पोलिसांची चौकशी बाकी होती. वडील नुकतेच रिटायर झालेले, दोन बहिणी शिकत होत्या, सगळी मदार त्या नोकरीवर. गल्लीत कोणीही माझ्याबद्दल चांगलंच सांगितलं असतं. पण हवालदाराने सायकल लावली ती नेमकी गंगूबाईंच्या दारात!

आमच्या मोरीचं पाणी त्यांच्या अंगणात जातं, यावरून गंगूबाई आणि आई यांचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. आई खिडकीआड उभी राहिली. मी तिच्या मागे.

"पोरगा कसा हाये, बाई?" हवालदाराने विचारलं.

"पोरगा? एक नंबर!"

"दारू-गिरू?"

"चहाबी फुकून फुकून पेते!"

"कोणाशी भांडण-तंटा?"

गंगूबाईंनी आमच्या खिडकीकडे पाहिलं. आईने माझा हात घट्ट धरला.

"भांडते त्याची माय. पोरगा तं मान खाली घालून निघून जाते. लय गुणाचा हाये साहेब, लवकर लावा त्याले नोकरीवर!"

हवालदार गेला. आई रडायलाच लागली. मग डोळे पुसले, वाटीभर साखर घेतली आणि दोन वर्षांनी गंगूबाईंच्या पायरीवर चढली.

"बाई, तुमचे उपकार कसे..."

"राहू दे वं ते," गंगूबाई साखर तोंडात टाकत म्हणाल्या. "मले एवढं सांग, कोराडीले राहाले क्वार्टर भेटते नं? घरच्या समद्याइले नेता येते?"