गोठ्यातला दिवा

धुळ्यात आमच्या चौकात एक शिंपी होता. गळ्यात टेप, कानामागे खडू. कापडावर खुणा करायच्या त्याच खडूने तो दुकानाबाहेरच्या फळ्यावर रोज गावातली एक बातमी लिहायचा आणि दुसऱ्या सकाळी पुसून टाकायचा. एकदा त्याने लिहिलं, ‘चौकातला सरकारी दिवा नगरसेवकाच्या गोठ्यात म्हशींना उजेड देतोय.’

नगरसेवकाने अब्रुनुकसानीची फौजदारी फिर्याद ठोकली. शिक्षा झाली तर दोन वर्षं आत. त्याचा वकील मी, त्यामुळे धास्ती मला. हा मात्र गळ्यातला टेपही न काढता आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहायचा.

फिर्यादीच्या वकिलाला प्रत्येक साक्षीदारापुढे ते वाक्य वाचावं लागे. वाचून झालं, की हा कानाशी हात धरायचा. “माले कमी ऐकू येस, सायेब. जरा जोरमा वाचा ना.”

मशीनच्या खडखडाटातही याला रस्त्यापलीकडची कुजबुज ऐकू यायची!

वकील ओरडून वाचायचा. वाक्यात म्हशी आल्या, की कोर्टाचा व्हरांडाही हसायचा. पुढे तर शेजारच्या कोर्टातले पक्षकार खास त्या वाक्यासाठी येऊन बसू लागले. शेवटी नगरसेवकाने फिर्याद मागे घेतली. दिवाही गुपचूप खांबावर परत आला.

बाहेर पडताना मी चिडून म्हणालो, “शब्दांसाठी तुरुंग कशाला? हा कायदाच काढून टाकला पाहिजे.”

“नको, वकीलभाऊ, ऱ्हाऊ द्या,” तो गंभीरपणे म्हणाला. “मना फळा त रोज सकायले पुसाई जास. कोर्टमा काय बी पुसाई जात नही.”