पेंटरनं सोडलेली जागा

आमच्या पेंटरइतक्या उघड्या पाठी साऱ्या नागपुरात कोणी रंगवल्या नसतील, आणि त्याच्याइतका बायांना भिणारा माणूसही इथं दुसरा जन्मला नसेल. रहस्यकथांच्या मासिकांची कव्हरं तो काढायचा. त्याच छापखान्यात मी बाइंडिंगला होतो. कव्हरवरची बाई ठरलेली. पदर ढळलेला, ओठ लालभडक, एक भुवई वर आणि हातात पिस्तूल. खरं पिस्तूल त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. दिवाळीतलं टिकल्यांचं समोर ठेवून काढायचा. खून कितीही भयंकर असो, पिस्तूल तेच. आणि हाच गडी आमच्या घरी आला की माझ्या बायकोशी खाली बशीकडं पाहून बोलायचा, "वहिनी, साखर कमी टाकत जा." ती हसायची, "काहून भाऊजी, बशी काय म्हणते?" कानापर्यंत लाल व्हायचा बेटा.

छापखाना बंद पडला, मासिकं गेली, आम्ही म्हातारे झालो. यंदा उन्हाळ्यात माझी बायको गेली. आता मी शहराच्या टोकाला बेसाला मुलाकडं राहतो, तर त्या फ्लॅटमध्ये लावायला तिचा एक धड फोटो नाही. आधार कार्डावर आहे, पण त्यात ती चोरी करताना पकडल्यासारखी दिसते. ते तोंड मला भिंतीवर नको होतं. पेंटरला म्हटलं, तूच काढ.

"नाक कसं होतं गा वहिनीचं?"

"नाकासारखं. चाळीस वर्षं तिच्या हातचा चहा पेला, अन् मलेच विचारून राहिला?"

महिन्यानं बोर्ड घेऊन आला. पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. मान वळवलेली, हात कमरेवर, एक भुवई वर! शिवी द्यायला तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. मी बाजारातून सडकी वांगी आणली की ती अश्शीच बघायची. बशीकडं पाहता पाहता यानं तिला कधी पाहिलं, देव जाणे.

डोक्यावर मात्र वीतभर जागा कोरी.

"हे काहून सोडलं?"

"नाव टाकाले. कव्हरवर नाव वरच राहते ना गा." त्यानं ब्रश बुडवला. "सांग, काय नाव वहिनीचं?"

मी जन्मभर तिला 'अवं' म्हटलं. लग्नात पाहुणे नाव घ्या म्हणून मागं लागले, तर मांडवातून पळालो होतो. आता नाव घ्यायला गेलो, तर तोंडातून 'अवं'च निघालं. पेंटरनं ब्रश धुतला. म्हणाला, "राहू दे. घाई नाही काही."

तेव्हापासून दर रविवारी तो ब्रश खिशात घालून, दोन बस बदलून येतो. बसतो, उन्हाचं बोलतो, जातो. नावाचं विचारत नाही. तो यायच्या आधी मी बाल्कनीत एकटा उभा राहून तिचं नाव घेऊन पाहतो. पहिलं अक्षर येतं. पुढचं अजून येत नाही.