डावीकडे बसलेले आकडे

ऑफिसात तिला सगळे साचेवाली म्हणत. वेबसाइटची पानं ज्या साच्यातून निघतात, ते साचे, म्हणजे टेम्प्लेट, ती लिहायची. पानाचा सांगाडा एकदा बांधून ठेवायचा; मग आत माणसाचं नाव बदलेल, गुण बदलतील, पान तेच राहील. चष्म्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर पाच टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि खिडकीपाशी ती. दिसायला अगदी साधी, नाकासमोर चालणारी. पण एकदा अडली की अडली.

चौथीत असताना गणिताच्या पेपरात तिनं सगळी उत्तरं अक्षरांत लिहिली होती. बाईंनी भोपळा दिला. ही पोर पेपर घेऊन थेट मुख्याध्यापकांच्या दारात उभी. "सर, मी चाळीस असं लिहिलं तर ते कमी होतं का?" सरांनी गुण परत दिले आणि पोरगी उद्धट आहे अशी आईला चिठ्ठीही दिली. लग्नानंतर ही गोष्ट सासूबाईंच्या कानावर गेली, तेव्हा त्या म्हणाल्या, "वाटलंच. आमच्या दारात यम आला तरी ही आधी ओळखपत्र मागेल." बोलण्यात टोमणा होता, पण डोळे हसत होते. डब्यात लोणच्याची एक फोड मात्र त्या दिवसापासून जास्त पडायला लागली.

त्या दिवशी सकाळी अकराला परिचारिकांच्या अभ्यासक्रमाच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला. पान तिनंच बांधलेलं. चाळीस किंवा जास्त गुण असतील तर ‘उत्तीर्ण’ आणि खाली ‘जागा राखा’ असं हिरवं बटण. नसतील तर ‘अनुत्तीर्ण’, बटण नाही. जागा राखायची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत.

बाराच्या सुमाराला फोन वाजला. साहेबांनी उचलला. लांबच्या एका परीक्षा केंद्रावरचे कारकून बोलत होते. साहेब ऐकत होते, मान हलवत होते आणि शेवटी म्हणाले, "अहो, तुमच्याकडच्या एकोणीसच्या एकोणीस मुली नापास झाल्या, त्याला आम्ही काय करणार? अभ्यास घ्या त्यांचा!"

फोन ठेवून ते हसले. साचेवाली हसली नाही. एकोणीसपैकी एकोणीस? सगळ्याच?

तिनं केंद्रांकडून आलेले तक्ते उघडले. गुणांच्या रकान्यात बाकी सगळ्या केंद्रांचे आकडे उजव्या कडेला टेकून बसले होते. या एकाच केंद्राचे एकोणीस आकडे डावीकडे चिकटले होते. डावीकडे बसलेला आकडा म्हणजे संगणकाच्या लेखी आकडा नव्हेच. तो नुसता मजकूर. शून्य नऊ एक; आपल्याला एक्क्याण्णव, पण त्याच्या दृष्टीनं ती तीन चित्रं शेजारीशेजारी. आणि साच्याचा स्वभाव तिला ठाऊक होता. एका बाजूला मजकूर, दुसऱ्या बाजूला खरा आकडा ठेवून ‘याच्याएवढा किंवा मोठा आहे का?’ असं विचारलं, तर हा साचा भांडत नाही, ओरडत नाही. गुपचूप ‘नाही’ म्हणतो आणि पुढच्या माणसाकडे वळतो.

तिनं कारकुनांना उलटा फोन लावला.

"काका, गुण मजकूर म्हणून का भरलेत?"

"बाई, मी एकतीस वर्षं गुण तीन आकडी लिहितो. अडुसष्ट म्हणजे शून्य सहा आठ. पुढची जागा मोकळी ठेवली, की कुणीतरी तिथे एकाचा आकडा घुसडतो आणि छत्तिसाचे एकशे छत्तीस करतो. पाहिलंय मी! पण हे यंत्र माझं शून्य खायचं. मग भाचीनं सांगितलं, मामा, रकाना मजकुराचा करा, शून्य टिकेल. चुकलो का मी?"

"नाही काका," ती म्हणाली. "गुण खरे राहावेत म्हणूनच केलंत ना?"

"मग काय! आणि हे बघा, घाईत एकोणीसही पास करू नका. दोघी खरंच नापास आहेत. सतरा. मी बरोबर लिहिलंय."

साच्यात तुलनेआधी मजकुराचा आकडा करून घ्यायचा, एवढी एकच ओळ हवी होती. तिनं ती लिहिली, आपल्या यंत्रावर तपासली. सतरा उत्तीर्ण, दोन अनुत्तीर्ण. मग ती साहेबांच्या टेबलापाशी गेली.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला. "सूचनांमध्ये ‘फक्त आकडा’ असं स्पष्ट लिहिलंय. त्यांनी चुकीचं भरलं. परीक्षा मंडळाला तसं कळवू. मुली दुसऱ्या फेरीत येतील."

"दुसऱ्या फेरीत जागा उरतात कुठे?"

"तो आपला प्रश्न नाही. पुढच्या आठवड्यात मंडळाशी आपला करार नवा व्हायचाय, आत्ता कशाला अंगावर ओढून घ्यायचं?"

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!" तिचा आवाज चढला तशा बाकीच्या टेबलांवरच्या माना वळल्या. "पान कुणी बांधलं? मी. सगळे आकडे शहाण्यासारखे उजवीकडे बसूनच येतील असं कुणी धरलं? मी. तपासताना माझेच गुण माझ्याच हातानं भरले, परक्या हाताचा एकही तक्ता घातला नाही. चूक माझी आहे."

"अगं, कबुलीची एवढी हौस कशाला?"

"हौस नाही साहेब. पण त्या काकांच्या माथी मारणार असाल, तर आधी मला काढा."

"काढेन!"

"काढा. पाचनंतर. पाचपर्यंत मला काम आहे."

ती खिडकीशी गेली आणि मंडळाच्या सचिवबाईंना स्वतःच फोन लावला. त्या बाई शब्द मोजून वापरणाऱ्या. "लागलेला निकाल बदलायचा तर चूक कुणाची, हे लेखी लागेल. कोण देणार?"

"मी देते."

"कंपनीचं पत्र?"

"ते मिळेलसं वाटत नाही. माझं देते, माझ्या सहीनं. सोबत काकांचा मूळ तक्ता. पडताळून बघा."

पलीकडून एकच शब्द आला. "पाठवा."

पत्र गेलं. पडताळणी व्हायला तीन वाजले. तीन वाजून दहा मिनिटांनी मंजुरी आली आणि पान बदललं. अगदी वरती तिनं ठळक अक्षरांत लिहिलं : ‘आज सकाळी या पानावर एका केंद्राच्या सतरा उत्तीर्ण मुली अनुत्तीर्ण दिसल्या. चूक पान बनवणाऱ्यांची होती, केंद्राची नाही.’

साहेब मागे येऊन उभे राहिले. "निकाल दुरुस्त झाला ना? मग आता ती ओळ तरी काढ."

"सकाळी नापास वाचलेली मुलगी पान पुन्हा उघडेल, तेव्हा खरं कोणतं हे तिला कसं कळणार? ओळ राहील."

तिकडे काका घरोघरी फोन लावत होते. चारपर्यंत अकरा जागा राखल्या गेल्या, साडेचारपर्यंत सोळा. सतरावी राहिली होती. एक्क्याण्णववाली. काकांचा फोन आला, आवाज फाटलेला. "ती सकाळी रडून मावशीकडे निघून गेलीय. मावशीकडे फोन नाही. तिचा भाऊ मोबाइल घेऊन सायकलवरून गेलाय."

पाचला सात मिनिटं. साचेवाली पडद्यासमोरून हलली नाही. साहेबही हलले नाहीत. कधी आले आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसले, तिला कळलंही नाही. पाचला चार. पाचला तीन. आणि यादीत खाली एक नाव उमटलं.

सतरा.

जरा वेळानं साहेब उठले, घसा साफ केला. "आता पाच वाजले. काढू का तुला?"

"काढा की," ती डबा पिशवीत भरत म्हणाली. "पण ओळ काढायची नाही."

साहेबांनी पानाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "उद्या वेळेवर ये," एवढंच म्हणाले आणि पंखा बंद करायला गेले.

ओळ पुढचे पंधरा दिवस होती. तिनं स्वतःच ती काढली, मुली वर्गात बसल्याचं काकांनी कळवल्यावर. त्यांच्या पत्रात हजेरीचा आकडाही होता. शून्य एक सात.