ब्रुजला पोचेपर्यंत

ताई गेल्याचं भावोजींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी सांता क्लाराच्या ऑफिसात होते. "चार महिने आजारी होती. तुला कळवायचं नाही म्हणाली..." रडू येण्याआधी मला राग आला. माझ्यापासून असं काही लपवण्याची ताईची ही दुसरी वेळ होती.

पाच वर्षांपूर्वी मी मिशिगनमध्ये एम.एस. करत असताना ताई-भावोजींनी मला आपल्याबरोबर युरोपला नेलं. भावोजी मिशिगनमधल्याच नोव्हायला गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. फ्रँकफर्टला भाड्याची गाडी घेऊन ते, ताई, त्यांची आठ वर्षांची मीरा आणि मी निघालो. मांडीवर नकाशा पसरून ताई "लेफ्ट घ्या, अहो लेफ्ट!" म्हणून ओरडायची आणि मागे वळून आम्हाला गुळपोळीचे तुकडे द्यायची. हायडेलबर्ग, स्ट्रासबर्ग, लक्झेंबर्ग... प्रत्येक गावाहून मी नागपूरला आईला पोस्टकार्ड लिहीत होते. तिकीट लावून ते पेटीत टाकायचं काम ताईनं स्वतःकडे घेतलं होतं. "तूही दोन ओळी लिही ना गं," असं एकदा म्हटलं, तर "तू लिहिलंस ना, पुरे," म्हणून ती उठून गेली.

आठव्या दिवशी सकाळी ब्रुजला पोचलो. कालवे, पाण्याला टेकलेली विटांची घरं, चौकातल्या मनोऱ्यावरून येणारे घंटांचे सूर... इतकं देखणं गाव मी पाहिलं नव्हतं. कॅफेत बसल्याबसल्या मी लिहायला घेतलं, 'आई, तुला इथे आणायलाच हवं.' ताईनं माझा हात धरला.

"सुमे, आई नाहीये गं. आपण निघायच्या आदल्या दिवशी दादाचा फोन आला होता. आज दहावा."

मी भावोजींकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. "मावशी, व्हाय आर यू क्रायिंग?" मीरा विचारत राहिली.

"तू वेळेवर पोचणार नव्हतीसच," ताई म्हणाली. "म्हटलं, निदान हे दिवस तरी तुझे चांगले जाऊ देत."

"ते माझं मी ठरवलं असतं. आणि ती कार्डं? तू टाकलीस?"

"टाकली. सगळी."

आईच्या तेराव्याला माझी ती मजेत लिहिलेली कार्डं घरी पोचली. मला कळवलंय, असं ताईनं दादाला सांगितलं होतं; त्यामुळे कळूनही मी हिंडत राहिले, असंच त्याला वाटलं, माझं त्यानं ऐकलंच नाही. ताईनं त्याला खरं सांगायला वर्ष लावलं, आणि ते वर्षभर मी तिच्याशी बोलले नाही. पुढे बोलणं सुरू झालं, दर रविवारी फोन ठरला. पण ब्रुजचा विषय दोघींनीही काढला नाही. अलीकडे ती दोन मिनिटांतच "फोडणी जळतेय गं, ठेवते," म्हणायची. मला वाटायचं, तुटक वागतेय. नोव्हायला पोचल्यावर मीरानं सांगितलं, ते फोन हॉस्पिटलच्या खाटेवरून होते. "आय हेल्ड द फोन फॉर हर, मावशी. तिला हात उचलता येत नव्हता."

अजूनही रविवारी सकाळी मी फोनजवळ बसते. 'तुझ्याजवळ बसायचे चार महिने तू कुणाला विचारून काढून घेतलेस?' हे मला भांडून विचारायचंय तिला. गेल्या रविवारी फोन वाजला. मीरा होती. "मावशी, आता संडेला मी कॉल करू?"

"कर. पण माझ्यापासून काही लपवायचं नाही."

"ओके," ती म्हणाली. "देन... आय अ‍ॅम नॉट ओके, मावशी."